लाल बटणाचा डबा

प्रवरेकाठच्या एका गावात एक रॉक बँड होता. कुणाला खोटे वाटेल, पण होता. एखाद्या गावात तालीम असते, एखाद्यात भजनी मंडळ असते, तसा तिथल्या ख्रिस्ती मंडळीत हा बँड होता. त्याचे नाव गोफण. शास्त्रातल्या एका मेंढपाळ पोराने गोफणीच्या एका गोट्याने राक्षसासारखा गडी लोळवला, त्यावरून पाळकसाहेबांनीच हे नाव दिले होते.

बँडमध्ये तिघे. शद्रख गिटार वाजवी आणि गाई. त्याचा थोरला भाऊ अमोस ड्रम वाजवी. चुलतभाऊ तीमथी जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार वाजवी. शद्रखला पहिली गिटार अमोसनेच आणून दिली होती. त्यापायी स्वतःचा ड्रम लांबणीवर टाकून तो वर्षभर पत्र्याचे डबे आणि पाण्याचे पिंप बडवत बसला. हे शद्रखला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि ध्यानात राहणे वेगळे.

पहिला कार्यक्रम नाताळात गावच्या चर्चमध्ये झाला. म्हाताऱ्यांनी नाके मुरडली, तरण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाळकसाहेबांनी दोन्हीकडे पाहून डोळे मिटून घेतले. मग शेजारच्या गावाचे बोलावणे आले, मग तालुक्याचे. शद्रखने एक गाणे रचले. ‘प्रभू, मला लहान कर, तूच मोठा हो.’ ते पोराटोरांच्या तोंडी बसले. लग्नात वाजू लागले, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजू लागले.

नाव झाले तशी खोड लागली. जो तो म्हणे, माझा आवाज कमी पडतो. शद्रखने गिटारचा आवाज वाढवला. मग अमोसला आपला ड्रम ऐकू येईना, म्हणून तो जोरात बडवू लागला. मग तीमथीने आपला वाढवला. ते ऐकून शद्रखने पुन्हा वाढवला. सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर भाड्याने आणलेला मिक्सरवाला एकदा अर्ध्या कार्यक्रमातून चहाला म्हणून उठला, तो परत आलाच नाही. पुढच्या बाकावर चर्चमधल्या सारामावशी कानांत कापूस घालून बसल्या होत्या. शेवटचे गाणे झाल्यावर त्यांनी कापूस काढला आणि शांतपणे विचारले, “पोरांनो, देव बहिरा झालाय असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

तेव्हापासून मिक्सर सलोमीने हाती घेतला. सलोमी ही अमोसची बायको. चर्चमधल्या पोरांना गाणी शिकवायचे काम तिचे. पाठमोरी उभी असली तरी कोणते पोर बेसूर गाते ते तिला कळे. यंत्र ती थोड्याच दिवसांत शिकली. मग तिच्याकडे रीघ लागली. आधी शद्रख आला, मग तीमथी आला, आणि घरी जेवता जेवता नवराही तेच म्हणाला. माझा जरा वाढव.

तिने कुणालाच नाही म्हटले नाही. तिने रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तीन काळे डबे करून आणले. प्रत्येकावर पिळायचे एक बटण. शद्रखचे लाल, अमोसचे निळे, तीमथीचे पिवळे. डबे ज्याच्या त्याच्या पायाशी ठेवले आणि वायरी सतरंजीखाली सरकवल्या. ज्याचा आवाज त्याच्या हाती, आता माझ्या मागे लागू नका, एवढे सांगून ती यंत्रापाशी जाऊन बसली.

काय गंमत, त्या दिवसापासून गोफणीचा सूर लागला. गाण्याचे शब्द कळू लागले. सारामावशींचा कापूस घरीच राहू लागला. नगर झाले, जालना झाले, नागपूर झाले. लोक दुरून बैलगाड्या, टेम्पो करून ऐकायला येत. आणि शद्रख प्रत्येक कार्यक्रमाआधी खाली वाकून लाल बटण शेवटपर्यंत पिळी, मग सरळ उभा राहून ‘मला लहान कर’ असे गाऊ लागे.

एके दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले. बूट चकचकीत, बोलणे त्याहून चकचकीत. ते शद्रखला बाजूला घेऊन म्हणाले की, बँड ठीक आहे, पण लोक येतात ते तुमच्यासाठी. ईस्टरच्या महोत्सवाला एकटे या. वाजवणारे आमचे असतील.

त्याच ईस्टरला गावच्या पहाटेच्या उपासनेत वाजवायचे गोफणीने कबूल केले होते. तरी शद्रख हो म्हणाला. अमोस रागावला नाही. “जा. पहाटेचं आम्ही बघतो,” एवढेच तो म्हणाला आणि ड्रमचा पट्टा आवळत बसला. शद्रखला ते शब्द लागले, पण तो थांबला नाही.

पिशवीत काळा डबा भरताना सलोमीने त्याला पाहिले.

“भाऊजी, डबा कशाला नेता?”

“माझा आवाज आहे त्यात.”

सलोमीने तोंडाला पदर लावला. “मग न्या. जपून न्या.”

पुण्यात मोठे मैदान, मोठे दिवे, माणसांचा समुद्र. शद्रखने डब्याची वायर तिथल्या मिक्सरवाल्याच्या हाती दिली. त्याने टोक पाहिले. टोकाला पिन नव्हती, नुसती गाठ मारलेली होती. त्याने डबा उघडला. आत प्रवरेचे तीन गोटे होते आणि ते खडखडू नयेत म्हणून भोवती कापूस.

“साहेब, ही वायर कुठंच जात नाही,” तो म्हणाला.

शद्रखचे कान लाल झाले. म्हणजे इतकी वर्षे वहिनीने आपल्याला दाबून ठेवले. आपला खरा आवाज जगाने अजून ऐकलाच नाही. त्याने हुकूम सोडला की माझा आवाज पुरता वाढवा आणि बाकीच्यांचा अगदी कमी करा. मिक्सरवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि सांगितले तसे केले. पाहुण्याशी वाद कोण घालतो?

गाणे सुरू झाले. शद्रखला स्वतःशिवाय काही ऐकू येईना. एक कडवे ते फार गोड लागले. दुसऱ्या कडव्यात तो ड्रमच्या पुढे धावला. तिसऱ्यात कुणीकडे गेला ते त्याचे त्यालाही कळले नाही. त्याने गाणे संपवून हात वर केले, तेव्हा मागचे वाजवणारे अजून दुसऱ्याच कडव्यात होते. मैदानात आधी कुणीतरी हसले, आणि मग सगळे हसले. ते गृहस्थ खाली मान घालून आपले चकचकीत बूट पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी शद्रख घरी आला. अंगणात अमोस, सलोमी आणि तीमथी जेवत होते. त्याने कुणाला नमस्कार केला नाही. डबा सलोमीपुढे उपडा केला. गोटे घरंगळत ताटापर्यंत गेले.

“वहिनी, इतकी वर्षं मला फसवलंत?”

सलोमीने घास खाली ठेवला. “भाऊजी, गाण्यात म्हणता, मला लहान कर. खाली उतरलात की म्हणता, मला मोठं करा. मी तुमचं कोणतं ऐकायचं होतं? मी गाण्यातलं ऐकलं.”

शद्रखच्या मागे फाटक उघडेच होते. रागाने निघून गेला असता तर कुणी अडवले नसते, आणि गोफण त्या दिवशीच संपली असती.

तेवढ्यात अमोस उठला. आतून निळ्या बटणाचा डबा घेऊन आला आणि चाकूने उघडू लागला. त्यातूनही गोटे पडले. त्याने बायकोकडे पाहिले.

“माझ्यातही?”

“तुमच्यात पाच घातले होते. तुम्ही फार जोरात पिळता, हलका डबा सरकला असता.”

तीमथीने शेजारी ठेवलेला आपला डबा घाईने पाठीमागे सरकवला. “माझा उघडू नका. मला अजून नीट ऐकू येतंय.”

आधी अमोस हसला. मग सलोमी हसली. शद्रखने हसू पुष्कळ दाबून धरले, पण ते दबेना. हसून झाल्यावर तो भावाशेजारी बसला आणि मैदानात काय झाले ते त्याने काही न लपवता सांगितले.

“दादा, तिथं मला तुझा ठोका सापडेना.”

“इथंच होता,” अमोस म्हणाला आणि त्याच्यापुढे भाकरी सरकवली.

पुढच्या रविवारी गोफण गावच्या चर्चमध्ये वाजवायला उभी राहिली. कुणाच्याच पायाशी डबा नव्हता. सलोमीने यंत्रामागून मुद्दाम विचारले, “भाऊजी, तुमचा वाढवू का?”

“माझा राहू द्या,” शद्रख म्हणाला. “दादाचा ड्रम मला जरा जास्त ऐकू द्या.”

गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी गाऊ लागली. सारामावशीसुद्धा. कोणता आवाज कुणाचा ते ओळखू येईना, तेव्हा सलोमीने यंत्रावरचा हात काढून घेतला आणि तीही गाऊ लागली.

तात्पर्य: सोबत्याचे ऐकून जो वाजवतो, त्याचेच जग ऐकते. फक्त स्वतःला ऐकणाऱ्याचा ताल चुकल्यावाचून राहत नाही.