साळुंकीचे पाय

त्या राज्यात पाणी कमी होत चालले होते आणि भाषणे चांगली होत चालली होती.

राज्य म्हणजे एक तळे, त्याच्या भोवतीचे रान आणि तळ्याकाठी पडलेला एक सपाट काळा दगड. दरवर्षी पळसाची फुले गळून संपली की सगळे प्राणी आणि पक्षी त्या दगडासमोर जमत, आणि त्यांच्यातले कोणी एक दगडावर चढून बोले. त्या बोलण्यावर पुढचे बेत ठरत. कुठे चरायचे, कुठे घरटी बांधायची, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात तळ्यावरच राहायचे की डोंगरापलीकडच्या नदीकडे निघायचे. नदी दूर होती. पिल्ले बरोबर घेऊन जायचे तर ऊन तापायच्या आत वाटेला लागावे लागे. उशिरा निघालेले कळप पूर्वी कधीतरी अर्ध्या वाटेवरच संपले होते, असे म्हातारे सांगत.

बोलणाऱ्यावर इतके अवलंबून होते म्हणून पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. दगडावर चढलेल्याने तोंड उघडण्याआधी पाय दाखवायचे. राज्यातली थोरली म्हैस पुढे येऊन ते निरखून पाही. डोंगराविषयी बोलायचे असेल तर पायांना डोंगराची तांबडी माती हवी, रानाविषयी बोलायचे तर रानातली काळी, पाण्याविषयी बोलायचे तर करडा चिखल. पाय कोरे असतील तर मुकाट्याने खाली उतरायचे.

रीत अजून चालू होती. फरक इतकाच की दगडाच्या मागे एका खेकड्याने तीन खड्डे करून ठेवले होते. एकात तांबडी माती, दुसऱ्यात काळी, तिसऱ्यात करडी. तळ्याचे पाणी शिंपून तो ती ओली ठेवी. वक्ता आला की खेकडा अदबीने विचारी, "विषय कोणता घेतलाय?" आणि योग्य त्या खड्ड्याकडे नांगी दाखवी. वक्ता पाय बुडवी, म्हैस पाय बघे, भाषण सुरू होई. यात फसवाफसवी आहे असे कोणालाच वाटत नसे. लांबून आलेल्यांची सोय व्हावी एवढाच खेकड्याचा हेतू होता.

त्या वर्षी बोलण्याचा मान साळुंकीकडे आला.

साळुंकी नकला फार सुरेख करी. कोणाचेही बोलणे एकदा ऐकले की ते त्याच्या आवाजासकट, त्याच्या खाकरण्यासकट तिच्या गळ्यात बसे. पण मान मिळाल्याचा तिला जो आनंद झाला त्याचे कारण वेगळे होते. दगडावर सावली धरणाऱ्या उंबराला एक ढोली होती, उंच, कोरडी आणि अरुंद तोंडाची. ज्याच्या भाषणाला सगळ्यांच्या माना डोलत त्याला ती ढोली वर्षभरासाठी मिळे. साळुंकीची अंडी लागोपाठ दोन वर्षे सापाने खाल्ली होती. यंदा पुन्हा अंडी घालायचे दिवस जवळ आले होते, आणि ती ढोली तिला डोळे मिटले तरी दिसत होती.

म्हणून ती आधी बगळ्याकडे गेली. बगळ्याने तीन भाषणे केली होती आणि तिन्ही गाजली होती. ढोलीत मावत नसल्यामुळे त्याने ती कधी घेतली नाही, पण हे तो दर भेटीत सांगे.

"विषय मोठा घे," बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला. "विषय जेवढा मोठा, तेवढी कुणाला शंका काढता येत नाही. मी आकाश घेतलं होतं."

"आकाशाची माती कुठली लावलीत पायांना?"

"तिन्ही थोडी थोडी," बगळा म्हणाला.

साळुंकीला हे पटले. तिने दगडाशेजारी बसून आकाशावर सराव सुरू केला. आकाश विशाल आहे, आकाश सर्वांचे आहे, असे दोन-चार वेळा झाल्यावर दगडाच्या बुडातून एक बारीक आवाज आला. तिथे ओलीच्या जागी एक गोगलगाय राहत असे. गेल्या कित्येक वर्षांची भाषणे तिने खालून ऐकली होती.

"आकाशातलं नेमकं काय सांगणारेस?" गोगलगायीने विचारले.

"ढग," साळुंकी म्हणाली. तिला दुसरे काही सुचले नाही.

"ढगांचं काय?"

"पाऊस देतात."

"मग पाणी म्हण की सरळ. कुठलं पाणी?"

साळुंकीला राग आला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे गोगलगायीविषयी कोणी म्हणू शकत नव्हते, कारण तिला एक वाक्य बोलायला बराच वेळ लागे. पण प्रत्येक प्रश्नासरशी विषय चिंचोळा होत चालला होता, आणि चिंचोळ्या विषयाला माना कशा डोलणार, ही साळुंकीची काळजी होती.

"आपल्या तळ्याचं पाणी," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"ते कुठून येतं?"

"उगमावरच्या झऱ्यातून. शेंबड्या पिल्लालासुद्धा ठाऊक आहे."

"झरा कसा आहे सध्या?"

साळुंकी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "वाहतोय. सगळेच सांगतात."

"मग हाच विषय घे," गोगलगाय म्हणाली आणि शंखात गेली.

विषय छोटा होता, पण बरा वाटला. उगमावरचा झरा सगळ्यांचा लाडका होता. त्याच्या नावाने माना आपोआप हलत. साळुंकीने ठरवले की भाषण भारदस्त व्हावे म्हणून जाणत्यांचे चार शब्द गोळा करायचे. ती पुन्हा बगळ्याकडे गेली.

बगळ्याने डोळे मिटून सांगितले, "उगमावर, हं, झरा अखंड वाहतो आहे, आणि त्याच्या काठचे झाड हिरवे आहे."

"हे तुम्ही पाहिलंत?"

"पाणकोंबडीने सांगितलं. ती पाण्यातलीच, तिला माहीत असणार."

पाणकोंबडी लव्हाळ्यात सापडली. ती म्हणाली, "उगमावर, हं, झरा अखंड वाहतो आहे, आणि त्याच्या काठचे झाड हिरवे आहे." तिला हे बेडकाने सांगितले होते.

साळुंकीच्या कानात काहीतरी खुपले. दोघांचे आवाज वेगळे, चाल वेगळी, पण 'उगमावर' म्हटल्यावर दोघेही एकाच जागी अडकत होते. घशात काहीतरी आल्यासारखे 'हं' म्हणत होते. नकला करणाऱ्याला अशी गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. ती बेडकाकडे गेली. बेडूक म्हातारा होता. त्यानेही तेच वाक्य म्हटले आणि तोही तिथेच अडकला.

"तुम्हांला कोणी सांगितलं?" साळुंकीने विचारले.

बेडूक हसला. "कोणी म्हणजे? तूच की गं. एवढीशी होतीस. उंबराखाली बसून म्हणून दाखवायचीस, आणि तुझ्या घशात उंबराचं बी अडकलेलं असायचं. आम्हांला तसंच पाठ झालं."

 मग साळुंकीला आठवले. ते वाक्य तिने एका म्हाताऱ्या टिटवीकडून उचलले होते. टिटवी दरवर्षी चालत उगमापर्यंत जाई आणि परतल्यावर जे पाहिले ते सांगे. तिने तसे एका वर्षी सांगितले, तेव्हा ते खरेही असेल. पुढच्या पावसाळ्यात टिटवी गेली. त्यानंतर उगमावर कोणी गेले नाही, कारण उगमावर काय आहे ते सगळ्यांना तोंडपाठ होते.

तिला वाईट वाटले आणि भीतीही वाटली. तरी तिने मनाची समजूत घातली की झरा असेलच, तो कुठे जातोय. भाषणाला आठ दिवस उरले होते. ती उगमाकडे उडाली.

अर्ध्या दिवसात ती डोंगराच्या खांद्यावर पोचली. खाली पाहिले तर उगमाची जागा हिरवीगार होती. तिचा जीव भांड्यात पडला. एक घिरटी घालून ती मागे फिरली, आणि वाटेत भाषणाची वाक्येही जुळू लागली. त्यांत 'हं' कुठेच नव्हते. पण निम्म्या वाटेवर एका बाभळीवर टेकली तेव्हा सवयीने तिने आपले पाय चोचीने साफ करायला घेतले, आणि साफ करण्यासारखे त्यांना काही लागलेलेच नव्हते.

खेकड्याकडे करडा चिखल तयार होता. तिला तो आठवला. ढोलीही आठवली. बाभळीवर ती ऊन कलेपर्यंत बसून राहिली, आणि मग चडफडत पुन्हा उगमाकडे गेली.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते तिथे उतरल्यावर तिला कळले. हिरवे होते ते घाणेरीचे रान, ज्याला पाणी फारसे लागतच नाही. टिटवीने सांगितलेले झाड त्या जाळीत वाळून उभे होते. त्याच्या मुळाशी झऱ्याची जागा होती. तिथे पांढरी, भुकटी झालेली माती होती, आणि तिच्यात मुंग्यांनी वारूळ केले होते. ते लहान नव्हते. मुंग्या तिथे बऱ्याच वर्षांपासून नांदत असाव्यात.

साळुंकीला अजून आशा होती. वरून आटला तरी खालून झिरपत असेल. ते पाहायचे तर उडून चालणार नव्हते. म्हणून झऱ्यापासून तळ्याकडे येणाऱ्या ओढ्याच्या पात्रातून ती चालत निघाली. प्रत्येक दगडाच्या सावलीच्या बाजूला चोच खुपसून ओल शोधली, खेकड्यांची जुनी बिळे उकरली, लव्हाळ्याची वाळकी मुळे ओढून पाहिली. साळुंकीचे पाय झाडावर आणि कुरणात वावरण्यासाठी असतात, तापल्या गोट्यांवर सहा दिवस चालण्यासाठी नसतात. बोटांना भेगा पडल्या. एका पायात काटा मोडून आत राहिला. ओल कुठेच नव्हती. तळ्यात जे पाणी होते ते गेल्या पावसाचे शिल्लक होते, आणि पाऊस अजून अडीच महिने लांब होता.

भाषणाच्या सकाळी ती लंगडत दगडाशी पोचली. सगळे जमले होते. म्हशींच्या पायांत रेडके होती, पाणकोंबडीमागे तिची पिले रांगेत उभी होती. खेकडा लगबगीने पुढे आला.

"उगम ना? करडा घ्या. आजच पाणी घालून मऊ केलाय."

साळुंकीने त्या खड्ड्याकडे पाहिले. मग वर ढोलीकडे पाहिले. ढोलीच्या तोंडाशी सकाळचे ऊन आले होते. तिला रडू येईल असे वाटले, पण आले नाही.

"नको," ती म्हणाली आणि दगडावर चढली.

थोरली म्हैस सावकाश पुढे आली. म्हातारपणाने तिला कमी दिसे, म्हणून गेली काही वर्षे ती पाय बघण्याचा नुसता मान राखत असे. आजही तिने सवयीने मान खाली घातली. तिचे ओले नाक साळुंकीच्या पायाला लागले आणि तिथेच राहिले.

"विषय काय म्हणालीस?" म्हशीने विचारले.

"उगमावरचा झरा."

"जाऊन आलीस?"

"हो. येताना चालत आले. ओढ्यातून."

म्हशीने दुसरा पाय हुंगला. नाकाला पांढरी भुकटी लागली होती. ती तिने जिभेवर घेतली आणि तशीच उभी राहिली. समोर सगळे वाट बघत होते. बगळ्याने मान डोलवायची तयारी करून ठेवली होती.

"मग पायाला ओल का नाही गं, बाई?" म्हैस म्हणाली.

साळुंकीने भाषण जुळवले होते. उंबराच्या बियाशिवाय, अडखळल्याशिवाय म्हणता येईल असे ते होते. त्यातले एकही वाक्य तिने म्हटले नाही. काटा मोडलेला पाय तेवढा उचलून सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला.

कोणाचीही मान डोलली नाही. बेडूक तळ्याकडे वळून पाहू लागला, मग पाणकोंबडी, मग बाकीचे. काठावरच्या चिखलाला पडलेल्या भेगा ते रोज ओलांडत होते, पण त्या किती रुंद झाल्या आहेत हे आज पाहत होते. थोरल्या म्हशीने आपल्या पोटाखालच्या रेडकाला तोंडाने ढोसले आणि ती डोंगरापलीकडच्या नदीच्या दिशेने निघाली. मग एकामागून एक सगळे उठले. गोगलगायीला म्हशीच्या शिंगावर जागा मिळाली. बगळा शेवटी उठला, आणि थोडे अंतर उडून, काय वाटले कोण जाणे, खाली उतरून चालू लागला.

उंबराची ढोली रिकामी राहिली. दगडामागचे तीन खड्डे तापू लागले. त्यांत पाणी शिंपायला खेकडा नव्हता, तोही म्हशींच्या खुरांमागून तिरका तिरका चालला होता. खड्ड्यांतल्या मातीत वर्षानुवर्षांच्या वक्त्यांचे ठसे होते, आणि त्या सगळ्यांची बोटे दगडाकडे होती.

ओढ्याच्या पात्रात साळुंकी लंगडत पुढे चालली होती. दुपारपर्यंत तिच्या मागून येणाऱ्या सगळ्यांचे पाय तिच्या पायांसारखे पांढरे झाले होते.