राघूचा वाकडा पाय

पाखरं माणसांना तोंडावर उलट उत्तरं द्यायची, त्या काळातली गोष्ट. टोपल्या विणणाऱ्या ठकूबाईकडे एक लाडावलेला राघू होता. त्याचा एक पाय जरासा वाकडा होता. ती आपली ऐट आहे, असं तो समजे.

एके दिवशी ठकूबाईने पाय मोडलेली साळुंकी उचलून आणली. हळद लावून तिच्या पायाला बांबूची कामटी बांधली आणि मांडीवर घेऊन तिला भिजवलेली डाळ भरवू लागली. राघूच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठके, माझी मिरची?"

"वाटीत आहे. घे की."

"हिला घास भरवायचा आणि मी वाटीतून घ्यायचं?"

"तिला उभं राहवत नाही रे."

"सगळी सोंगं!" राघू फणकारला.

ठकूबाई बाजाराला गेली तसा तो साळुंकीजवळ उतरला. "कामटी गेली की तुझे लाडही संपले," म्हणत त्याने चोच उघडली आणि तिथेच थांबला. कामटी आधीच कुणीतरी कुरतडलेली होती. बारीक बारीक खाचा होत्या, थेट त्याच्या चोचीसारख्या बाकदार.

साळुंकी घाबरत म्हणाली, "ही तुझीच कामटी आहे. बांधताना ठकूबाई सांगत होती. तू पिल्लू असताना घरट्यातून पडून तुझा पाय मोडला होता. चांगली कामटी तिला टाकवत नाही, म्हणून जपून ठेवली."

ठकूबाई परतली तेव्हा मिरची वाटीत तशीच होती.

"का रे, खाल्ली नाहीस?"

"आधी हिला भरव," राघू म्हणाला आणि त्याने वाकडा पाय हळूच पिसांत ओढून घेतला.