डावा गुडघा

“पण गुडघा का चोळायचा?”

वकील मोरेश्वरराव त्रिलोकेकरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. म्हातारे एलोजी पेणकर ओसरीवर बसून सुपारी कातरत होते.

“डावा,” ते म्हणाले. “उजवा नाही.”

“कुठला ते नाही विचारत मी. का, ते विचारतोय.”

एलोजींनी दुसरी सुपारी उचलली.

इथे थोडं सांगायला हवं. हे दोघेही फ्रीमेसन. फ्रीमेसन म्हणजे जुन्या काळच्या गवंड्यांचा वारसा सांगणारं बंधुमंडळ. त्यांच्या लॉजला, म्हणजे बैठकीच्या जागेला, गावातले लोक जादूघर म्हणत, आणि आत बोकडाचं मुंडकं बोलतं असं शपथेवर सांगत. आत खरं तर चांगली पोक्त माणसं ठरलेली पावलं टाकत आणि ठरलेली वाक्यं म्हणत. बस, एवढंच. मात्र त्यातलं एक अक्षरही कागदावर उतरवायची बंदी होती. जे काही शिकायचं ते गुरूच्या तोंडून. आत येताना तिसऱ्या पावलावर थांबून डावा गुडघा चोळायचा, हेही तसंच शिकवलेलं.

आसपासच्या पाच लष्करी छावण्यांतल्या पाच लॉजचे शिक्षक एलोजींच्याच ओसरीवर तयार झाले होते. एक शब्द हलला की म्हातारा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. त्यामुळे पाचही ठिकाणी श्वाससुद्धा एकाच जागी घेतला जाई.

आता सहावं लॉज उघडणार होतं. तिथलं शिक्षकपद त्रिलोकेकरांना हवं होतं, अगदी झोप उडण्याइतकं हवं होतं. एलोजींनी फक्त होकाराची मान हलवायची होती.

ती काही हलत नव्हती.

शेवटी वकिलांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. त्याला वरून कायद्याच्या पुस्तकाचं कव्हर घातलं होतं.

“मुंबईला जुन्या बाजारात सापडलं. आपला अख्खा विधी छापलाय यात, विलायतेत! तिसऱ्या पावलावर थांबा, असं कुठेही नाही. गुडघा तर नाहीच नाही. पाचही लॉज चुकताहेत, एलोजीबाबा!”

“बरोबर आहे.”

“… काय?”

“गुडघा माझा. छावणीच्या इस्पितळात नोकरीला होतो, तिथल्या जिन्यावरून पडलो. त्याच वर्षी पहिल्या लॉजला शिकवत होतो. तिसऱ्या पावलाला कळ यायची. थांबायचो, चोळायचो.”

“आणि त्यांनी तेही…”

“शिकवलं तसं शिकले बिचारे.”

त्रिलोकेकरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. गुरूची चूक सापडल्याचा आनंद फार वाईट असतो. मी स्वतः तो उपभोगलेला आहे, म्हणून सांगतो.

“मग ठरलं!” ते म्हणाले. “सहाव्या लॉजपासून शुद्ध विधी. पुस्तकाबरहुकूम.”

एलोजींनी अडकित्ता खाली ठेवला. काठी घेतली आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन उभे राहिले.

“फाटकाबाहेर जा, वकीलसाहेब. परगावचे बंधू आहात असं समजा. आत या.”

वैशाखातली दुपार. वकिलांचे जोडे ओसरीवरच राहिले होते, पण उत्साहात त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. फाटकातून ते ऐटीत आत आले. पुस्तकात होती तशी पावलं टाकली, कुठेही न थांबता पायरीशी पोचले.

काठी आडवी झाली.

“कोण आपण?”

“अहो, मी! त्रिलोकेकर!”

“नाव कोणीही सांगतो.”

“पण पावलं बघितलीत ना? तंतोतंत पुस्तकातली!”

“हो. पुस्तक कोणी विकलं?”

“होता एक रद्दीवाला.”

“त्यालाही येत असतील मग.”

काठी तशीच आडवी होती. पलीकडे ओसरीवर गार सावली होती, पाण्याचा माठ होता. अलीकडे तापलेली फरशी.

वकिलांनी पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याकडे. मग मुकाट्यानं फाटकाकडे परत गेले.

पुन्हा आत आले. एक पाऊल. दुसरं. तिसरं… आणि थांबले. वाकले. डावा गुडघा चोळू लागले.

आता भर दुपारी तापल्या फरशीवर अनवाणी थांबणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. चोळणं पुरं झालं न झालं, तोच त्रिलोकेकर “आई गं!” करून हातभर उंच उडाले.

खाली आले ते तोंड पाडूनच. गेलं शिक्षकपद, असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते नुसतं फरशीमुळे नव्हतं.

काठी मात्र बाजूला झाली होती.

“या, बंधू.”

“म्हणजे… सहावं लॉज?”

एलोजींनी मान हलवली. माठातलं पाणी स्वतः ओतून दिलं. वकिलांनी ते एका दमात संपवलं आणि दुसरा पेला मागितला.

म्हातारा बराच वेळ आपला डावा गुडघा चोळत बसला.

“वकीलसाहेब…”

“जी, बाबा?”

“ती उडी तिकडे शिकवणार असाल तर आत्ताच सांगा. या गुडघ्यानं मलाही शिकावी लागेल.”