टबातली गोधडी

“...मग टब नवा आणायचा, आतून अस्तर बसवायचं, की घासून पुन्हा मुलामा द्यायचा? तुम्हीच काय ते सांगा, अक्का,” शाल्मली म्हणाली.

अक्का खालच्या गावाहून नुकत्याच परतल्या होत्या. पायांवरची धूळही धुतली नव्हती. बंब पेटवून त्या त्यात लाकूड सरकवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घाटमाथ्यावरच्या त्या आश्रमात, ज्यांचं मागे कुणी उरलं नाही अशी आजारी माणसं शेवटाला येत. आश्रम अक्का चालवत; बंगला मूळचा कुणा इंग्रज साहेबाचा होता. त्याचा बिडाचा टब अजून न्हाणीत होता. आतला पांढरा मुलामा जागोजागी उडालेला, खाली गंज. ज्यांना पाटावर बसवत नसे, त्यांना त्यातच झोपवून अंघोळ घालत.

शाल्मली आर्किटेक्टचं शिकून इथे सेवा शिकायला आलेली. अक्का गावाला गेल्या आणि तिने टब रिकामा केला. आत हात फिरवला. उडालेल्या मुलाम्याच्या कडेने बोट कापलं. तिने न्हाणीला कुलूप घातलं.

“शेवंता अंघोळ मागतेय,” अक्का म्हणाल्या.

“मी पुसून काढलं ना त्यांचं अंग.”

“पुसलेलं नको तिला. पाण्यात पडून राहायचंय. पाठ मोकळी होते म्हणते.”

“पाठ सोलून निघेल त्यांची, अक्का. मी पाहिलंय आत. नवा आणायचा तर न्हाणीचं दार फोडावं लागेल. अस्तर घातलं तर खाली पाणी मुरून कुजेल. मुलामा दिला तर त्याचा उग्र दर्प जाईपर्यंत टब बंद. एकही धड नाही. आणि चुकलं तर...”

“तर?”

“तर मी चुकले, असं होईल.”

बंबात ओलं लाकूड तडकलं. शाल्मली दचकली.

आतल्या खोलीतून शेवंताबाईंचा आवाज आला. बारीक, पण खोडकर.

“पाणी तापलं का गं? का मलाच बंबात घालताय?”

“आलेच, आजी. जरा धीर धरा.”

“धीरच सरत आलाय, बाई. बाकी सगळं आहे.”

अक्का हसल्या. मग म्हणाल्या, “टबात एक गोधडी होती.”

“ती होय? कुबट झाली होती. जाळली मी.”

अक्कांचा हात लाकडावर तसाच राहिला.

“का? कशाला होती ती?”

“अंगाखाली.”

...

  शाल्मली उठली, स्वतःच्या खोलीत गेली. न्हाणीची किल्ली उशीखाली ठेवली असं वाटत होतं, तिथे सापडेना. पुस्तकं पाडली, पिशवी उलटी केली. अखेर ती सापडली तिच्याच ओढणीच्या टोकाला. हरवू नये म्हणून तिनेच बांधली होती.

गाठ सोडवायला दातांनी ओढावं लागलं.

कुलूप निघालं. स्वतःच्या अंथरुणावरची चादर खांद्यावर टाकून ती शेवंताबाईंच्या दाराशी गेली.

“आजी, चला. तापलं पाणी.”

अक्का खाटेजवळ बसल्या होत्या. त्यांनी आपला तळहात शेवंताबाईंच्या पापण्यांवरून अलगद खाली आणला.

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. बंबातलं पाणी उकळल्याचा आवाज येत होता. तो थांबवायला कुणी उठलं नाही.

मग अक्का उठल्या, म्हणाल्या, “पाय धर. मी खांद्याकडून धरते.”

दोघींनी त्यांना न्हाणीत आणलं. शेवंताबाई अगदी हलक्या होत्या. भिंतीला टेकवलेल्या बाकावर त्यांना निजवलं. शाल्मलीने टबात बादल्या ओतल्या, गार पाण्याचं विसण घातलं. वाफ वर चढली.

अक्कांनी स्वतःच्या अंगावरची लोकरी धाबळी काढली. ती टबाच्या तळाशी पाण्यात दाबून पसरली. जिथे मुलामा सर्वांत जास्त उडाला होता, तिथे दुहेरी केली. सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

शाल्मली पाहत होती. तिची चादर अजून खांद्यावरच होती.

“अक्का... आता त्यांना काय टोचणार?”

अक्कांनी शेवंताबाईंच्या मानेखाली हात घातला.

“कोपर बुडवून बघ. फार कढत नको.”