तांडेलाचे चाक

समुद्र जिथे खाडीत शिरतो, तिथल्या एका गावात भिकाजी नावाचा तांडेल राहत होता. होडी कुठे घालावी आणि कुठून काढावी, हे त्याच्याइतके कुणालाच कळत नसे. पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

गावात वीज नव्हती. बर्फ नव्हता, म्हणून धरलेली मासळी दुपारपर्यंत नासून जाई. अखेर गावाने ठरवले, भरती-ओहोटीच्या पाण्यावर फिरणारे लोखंडी चाक खाडीत बसवायचे आणि त्याच्या विजेवर बर्फ करायचा. जागा निवडायचे काम अर्थातच भिकाजीकडे आले.

त्याने खाडीचे तोंड निवडले. तिथे दोन खडकांमधून पाणी सुसाट धावते. नवी होडी जशी समुद्र निवांत असताना पाण्यात लोटतात, तसेच चाकही निवांत दिवशी नारळ फोडून तळाशी बसवले. ते झकास फिरले.

भिकाजीची पुतणी कालिंदी शहरात शिकून आली होती. ती म्हणाली, "काका, इथे नको. बाहेरच्या लाटा थेट आत येतात. खडकांमागे भोवरे होतात. पाती टिकायची नाहीत."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी याच लाटांतून होडी काढतोय. एकदा तरी फळी फुटली का?"

सगळे हसले. कालिंदी पाय आपटत घरी गेली.

उधाण आले. चाक कधी भरधाव फिरे, कधी अडखळे. शेवटी एक पाते तुटून वाहून गेले.

"लोखंडच हलकं होतं," भिकाजी म्हणाला. त्याने जाड पाती बसवून घेतली. पुढच्या उधाणात पाती टिकली, पण चाकाच्या आसालाच तडा गेला. बर्फ विरघळला. बायकांनी टोपल्याच्या टोपल्या मासळी वाळूत पुरली. लोहार म्हणाला, "या खेपेला जोडून देतो. पुन्हा मोडला तर चाक भंगारात घाला."

गाव किनाऱ्यावर जमले. जाणती मंडळी म्हणाली, "आस जाड करा, म्हणजे झालं."

कालिंदीला राहवेना. "काका, लाट आली की तुमची होडी काय करते?"

"वर उचलली जाते. लाट गेली की खाली येते."

"आणि चाक?"

चाक तळाशी खिळलेले होते. त्याला उचलले जाणे माहीत नव्हते. प्रत्येक लाटेचा हिसका आणि प्रत्येक भोवऱ्याचा पीळ त्याला जागच्या जागी सोसावा लागत होता.

"आता काय तांडेल पुतणीकडून शिकणार?" कुणीतरी टोमणा मारला.

"शिकणार," भिकाजी म्हणाला. "मला होडी कळते रे. चाक कुठे कळतं? कालिंदी, जागा तू दाखव."

तिने खाडीच्या आतला खोल, सरळ पट्टा दाखवला. तिथे लाटा पोचत नव्हत्या आणि पाणी एकसारखे वाहत होते. आस जोडून चाक तिथे बसवले. ते हळू फिरू लागले. वीज थोडी कमीच मिळाली. पण पुढच्या उधाणात समुद्र खडकांवर आदळत असताना ते आपल्या चालीने फिरत राहिले. सकाळी बायका बर्फातली मासळी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाल्या.

तात्पर्य एवढेच: अनुभव कितीही मोठा असो, तो ज्या गोष्टीचा आहे तिच्यापुरताच खरा असतो, नवी गोष्ट समोर आली की थोरांनीही वय बाजूला ठेवून ऐकावे, आणि तेही मोडतोड होण्याआधी.