कुंभाराच्या भिंतीवरचा दोरा

एका नदीकाठच्या गावात सटवाजी नावाचा कुंभार होता. हाताला कसब मोठं, पण मनाला संशयाची खोड. मडकं तडकलं की याला कुणीतरी माणूसच दोषी दिसायचा!

शेजारची म्हातारी चिमाआत्या अधूनमधून त्याच्या अंगणात यायची. मडकी भाजून झाली तरी आव्याची, म्हणजे भट्टीची, धग तीन-चार दिवस टिकायची. त्या धगीवर खापर तापवून ती गुडघे शेकायला न्यायची. एकदा सटवाजीच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारी येते आणि माझी मडकी तडकतात, हे कसं?

मग पठ्ठ्या भिंतीवर खुणा करू लागला. दर आव्याला चिखलाचा एक ठिपका. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यापासून मोजून, आत्या जितक्या वेळा आली तितकी बोटं आडवं सरकायचं, मडकी जितकी तडकली तितकी बोटं वर, आणि तिथे ठिपका द्यायचा. दहा ठिपके झाल्यावर त्याने चाकावरून मडकं कापायचा दोरा त्यांच्यावर ताणून ठोकला. जवळजवळ सगळे ठिपके दोऱ्याला लागून!

"बघ, हौसे," तो बायकोला म्हणाला, "दोरा खोटं बोलत नाही. म्हातारीची नजर वाईट आहे."

"अहो, दोरा कुठला बोलतोय? बोलताय ते तुम्हीच!"

पण ऐकतो कोण? त्याने वाटेत बाभळीचे काटे लावले. गावभर बभ्रा केला. लोक आत्याला टाळू लागले.

पुढचा आवा लागला. आत्या एकदाही आली नव्हती. दोऱ्याप्रमाणे एकही मडकं तडकायला नको होतं. तडकली एकोणीस!

"चोरून येऊन गेली असणार," म्हणत सटवाजी तरातरा तिच्या घरी गेला.

आत्या अंथरुणावर पडलेली. गुडघे सुजून टम्म. उशाशी थंडगार खापर.

"आभाळ भरलं की हे गुडघे जीव खातात रे," ती कण्हत म्हणाली. "ऊन असलं की मी कशाला येते तुझ्या दारी?"

सटवाजीने बाहेर पाहिलं. चार दिवस आभाळ भरलेलंच होतं. अन् अशा दमट हवेत कच्ची मडकी आतून ओली राहतात, आव्यात तडकतात, हे तर कुंभाराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने स्वतः खापर तापवून आणलं, काटे काढले, आणि ज्या तोंडाने बभ्रा केला त्याच तोंडाने घरोघरी जाऊन चूक कबूल केली. दोरा मात्र भिंतीवर तसाच ठेवला; खोटा दोरा नव्हता, त्याने लावलेला अर्थ खोटा होता. आता आवा लावण्याआधी तो आत्याच्या दारात उभा राहतो अन् विचारतो, "आत्या, आज गुडघे काय म्हणतात?"

तात्पर्य: दोन गोष्टी जोडीने वाढल्या म्हणून एकीने दुसरी घडवली, असं होत नाही. दोघींच्या मागे तिसरं काही उभं आहे का ते आधी पाहावं, मगच कुणाकडे बोट दाखवावं.