खालच्या सांध्याचा वाटा

“शाफ्टचं कळलं. मागं कोण बसलंय?”

रज्जाकचाचांनी हे विचारलं तेव्हा धैर्यशील शेडगेचं सांगणं अजून अर्ध्यावरच होतं. कऱ्हाडहून पाटणपर्यंत येताना त्यानं सगळं मनाशी घोकून ठेवलं होतं. जीप तीन इंच उचलली, त्यासाठी स्प्रिंगचे नवे पाटे टाकले, आणि तेव्हापासून चाळीसच्या पुढं गेलं की बुडातून धडधड सुरू होते. चाकं तोलून, म्हणजे बॅलन्स करून, घेतली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब शाफ्ट पुण्याला नेऊन तोलून आणला. त्या शाफ्टच्या दोन टोकांचे दोन सांधे, इंजिनाकडचा वरचा आणि मागच्या चाकांकडचा खालचा, बदलले, तेही दोनदा. धडधड आपली जागच्या जागी.

“मागं दादा आहेत,” तो म्हणाला. “वडील माझे.”

“मारुती ड्रायव्हर? अन् मागं?”

“डावी बाजू गेली त्यांची, चाचा. दीड वर्ष झालं.”

चाचांनी हातातलं फडकं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

धैर्यशीलला ते झटकणं बोचलं. याच पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं चाचांच्या हाताखाली आठ वर्षं पाने उचलले होते. मग हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं, दुरून दिसेल असा बोर्ड लावला, आणि सहा वर्षांत इकडं तोंड दाखवलं नाही. ‘म्हातारा कानानं गाड्या दुरुस्त करतो’ असं गिऱ्हाइकांना हसून सांगायचा. गरज सरो नि वैद्य मरो असं कुणी म्हटलं असतं तर त्याला राग आला असता. राग खऱ्या गोष्टीचाच येतो.

“उचलली कशापायी?” चाचांनी विचारलं. “पोरांच्या शर्यतीत घालाया?”

“नाही हो. आक्कासाठी.”

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. दादांची आई त्यांच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून आक्कानंच त्यांना कडेवर वागवलं. आता ती नव्वदीच्या घरात होती आणि डोंगरावरच्या वाडीतून खाली उतरत नव्हती. वाडीचा रस्ता दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. उरले होते ते नुसते दगडांचे टप्पे. साध्या गाडीचं बूड तिथं दगडांना टेकायचं. म्हणून जीप उचलली, मागं जाड गादी शिवून बसवली, चार पट्टे लावले. आणि पहिल्याच दिवशी, चढ लागायच्या आधीच, दादा म्हणाले, “फिरव गाडी.”

त्यानंतर आक्काचं नाव काढलं की दादा भिंतीकडं तोंड करत. आज ते गाडीत बसले, ते फक्त चाचांकडं जायचं म्हणून.

“काल वाडीतनं फोन आला,” धैर्यशील म्हणाला. “आक्कानं जेवण सोडलंय. नुसतं पेजेचं पाणी घेते. मारुत्या आला का, एवढंच विचारते... त्यांना तो हादरा सोसत नाही, चाचा. तेवढा काढून द्या. मी पाया पडतो.”

“पाया नंतर पड.”

चाचा उठले. ते शाफ्ट बघायला वाकतील म्हणून धैर्यशीलनं जॅक पुढं केला. चाचा जॅकला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेले.

“ड्रायव्हर, सलाम.”

गादीवर पट्ट्यांत गुंडाळलेल्या दादांनी मान हलवली.

“हादरा कवा येतो?”

“चाळीसच्या पुढं, चाचा, आणि साठला तर...”

“तुला न्हाई इचारलं.”

दादांच्या ओठांची उजवी बाजू हलू लागली. शब्द यायला वेळ लागत होता. चाचा खिडकीला कोपर टेकून उभे राहिले, चहा उकळायची वाट बघावी तसे निवांत.

“रेसवर पाय... दिला की,” दादा म्हणाले. “पाय काढला की... निम्मा होतो.”

“अस्सं! अन् कुठनं?”

“वरनं. वरच्या... सांध्यातनं.”

चाचांचा चेहरा उजळला. “कवापास्नं ठावं हाय?”

“पहिल्या... दिवसापासनं.”

“दादा!” धैर्यशील पुढं आला. “मग मला सांगितलं का नाही? मी शाफ्ट पुण्याला नेला, आणला, दोन महिने...”

दादांनी मुलाकडं पाहिलं. एकतीस वर्षं एसटी हाकलेला माणूस, एक्झॉस्टच्या आवाजावरून गाडी कुठल्या डेपोची ते सांगणारा.

“इचारलं... कुणी?”

सकाळी दादांना दूध हवं की चहा, हेसुद्धा आपण आईला विचारतो, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याचे कान तापले.

चाचांनी एक स्टूल आणून मागच्या चाकाशी ठेवलं. पट्टे सोडले. दादांना त्यावर बसवलं आणि त्यांच्या उजव्या हातात बॅटरी दिली.

“जरा उजेड धरा, ड्रायव्हर. माझ्या डोळ्यांची बोंब झालीया.”

“मी धरतो की,” धैर्यशील म्हणाला.

“तू आत शीर.”

दोघं जीपखाली आडवे झाले. उजेड थरथरत होता, कधी चाकावर जायचा, कधी चाचांच्या दाढीवर. पण परत जागेवर यायचा.

पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये चाचांचं बोट थांबलं. तिथं लोखंडाची एक तिरपी पट्टी होती, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

“ही पाचर कुणी घातली?”

“मीच. गाडी उचलल्यावर शाफ्ट तिरका झाला ना. दोन्ही सांधे वाकून चालायला लागले. म्हणून शाफ्ट जिथं जोडतो त्या ॲक्सलच्या गोळ्याचं तोंड वर केलं, शाफ्टच्या रेषेत. खालचा सांधा आता अगदी सरळ चालतो. त्याला काडीचा ताण नाही.” हे सांगताना अशाही वेळी त्याच्या आवाजात थोडी ऐट आलीच.

“ताण पडतोय म्हणून तो सांधा तुझ्याकडं रडत आलता?”

धैर्यशील हसला नाही. चाचाही हसले नव्हते.

“वरचा वाकतोय?”

“वरचा वाकणारच. तिथं इलाज नाही.”

“वाकून फिरणारा सांधा हिसका देतो. तो हिसका कोण खाणार?”

धैर्यशीलनं मान वर करून सांध्याकडं पाहिलं.

“वरचा जेवढा वाकंल तेवढाच खालच्यानं वाकायचं. मग ह्याचा हिसका तो खातो, अन् गाडीला कळतबी न्हाई. तू एकाला गादीवर बसवलंस. दुसरा एकटाच वाकतोय अन् गाडी बडवतोय. काढ ती.”

“चाचा, मी एवढं मोजून...”

“काढ.”

पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल केले. जीप जॅकवर किंचित उचलली. दोन्ही बाजूंच्या पाचरी निघाल्या, पाटा सरळ ॲक्सलवर टेकला, बोल्ट पुन्हा आवळले. अर्ध्या तासाचं काम. दोन महिने ज्यासाठी वणवण केली, ते काही घालून नाही, काढून झालं. नवीन काही आणावं लागेल म्हणून धैर्यशीलनं सामानाची मोठी यादी करून आणली होती. ती खिशातच राहिली.

बाहेर आल्यावर त्यानं पाहिलं, दादांचा हात दमून खाली आला होता. तरी बॅटरी अजून धरलेलीच होती.

“बास आता, दादा. द्या इकडं.”

दादांनी बॅटरी चाचांच्या हातात दिली.

दादांना परत गादीवर बसवून, पट्टे आवळून, धैर्यशीलनं जीप रस्त्याला काढली. चाचा शेजारी बसले. चाळीस झाले. पन्नास. साठ. जीप पाण्यावरून होडी जावी तशी जात होती. धैर्यशीलनं आरशात पाहिलं. दादा डोळे मिटून कान देत होते, आणि त्यांच्या ओठांची उजवी बाजू वर गेली होती.

शेडशी परत येताच तो उडी मारून मागं गेला.

“दादा, गेला हादरा! दिवस अजून बराच आहे. आत्ताच निघू. दोन तासांत आक्कासमोर बसाल.”

दादांनी डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात माया होती, आणि थकवाही होता.

“नको,” ते म्हणाले.

धैर्यशीलचा हात दारावरच राहिला. मग तो मटकन स्टुलावर बसला आणि चाचांसमोर लहान पोरासारखा रडला. कुणी बघतंय का, याचीही त्याला पर्वा राहिली नाही.

“गाडी उचलली. गादी शिवली. पट्टे लावले. कुठंही लागू नये म्हणून सगळं केलं. हादरा होता, तोही गेला... माझा बाप आहे तो, चाचा. त्याची बहीण तिकडं जीव धरून बसलीय. मी आणखी काय करू? अजून काय राहिलंय करायचं?”

चाचांनी त्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, तो आठ वर्षांत कधी ठेवला नव्हता. मग जीपचं मागचं दार उघडलं. एकेक करत चारही पट्टे सोडले.

“उतरा, ड्रायव्हर.”

दादा उतरले. चाचांच्या खांद्यावर हात टेकून, डावा पाय ओढत, जीपला वळसा घालून पुढच्या डाव्या दाराशी आले. पायरी उंच होती. तीन इंच जास्तच उंच होती. धैर्यशील त्यांना उचलायला धावला.

चाचांनी तळहात दाखवला.

धैर्यशील थांबला.

दादांनी कडी धरली. एकदा प्रयत्न केला. पाय घसरला. दम खाल्ला. पुन्हा धरली... तिसऱ्या खेपेला ते वर गेले आणि सीटवर बसले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडं पाहिलं, आणि पाठ ताठ झाली.

त्यांचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता. एकतीस वर्षं त्याच हातानं त्यांनी घाटांतून गिअर बदलले होते. उजवा हात दोन सीटांच्या मधोमध आला आणि कुठं टेकावं ते न कळून घुटमळला.

चाचांनी आत वाकून तो हात धरला, आणि गिअरच्या दांड्यावर नेऊन ठेवला.

दादांची बोटं मुठीवर हळूहळू मिटली. त्यांनी दांडा एकदा इकडंतिकडं हलवून पाहिला. मग मान वळवून, स्टेअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडं बघत म्हणाले, “चल... आक्का वाट बघती.”

धैर्यशील डोळे पुसत आत बसला. किल्लीला हात लावला, पण फिरवेना. त्यानं वळून चाचांकडं पाहिलं.

“चाचा... मी काय करायचं?”

चाचांनी दादांच्या बाजूचं दार बाहेरून लावलं.

“क्लच तुझा. गिअर त्यांचा.”